सी भाषेतील मुक्तस्रोत दिनदर्शिका दुरुस्त करताना

ओपन सोर्स प्रकल्पात पहिले योगदान कोठे द्यावे, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि नवोदित प्रोग्रामरांना दिनदर्शिकेचा प्रोग्राम अनेकदा सुचवला जातो, कारण तो आकाराने लहान असतो, सी भाषेत लिहिलेला असतो आणि तारीख, वार, महिना हे विषय सर्वांच्या परिचयाचे असतात. काम हाती घेतल्यावर मात्र त्याच त्याच शंका पुढे येतात. दुसऱ्याचा कोड बदलण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, रचना सुधारणे आणि चूक दुरुस्त करणे यांत नेमका फरक कोणता, आणि घरातील पंचांगाशी न जुळणारे उत्तर ही प्रोग्रामची चूक समजावी काय, या त्या शंका होत. शेवटची शंका सर्वांत महत्त्वाची आहे. दिनदर्शिकेतील अनेक तथाकथित दोष हे कोडच्या ओळींत नसून कोणता नियम पाळायचा याचा निर्णय कोठेच लिहून न ठेवल्यामुळे उद्भवतात, आणि नियम न ओळखता केलेली दुरुस्ती बहुधा नव्या चुकीला जन्म देते.

प्रोग्राम निवडताना

युनिक्सच्या परंपरेत दिनदर्शिकेचे दोन प्रोग्राम जुने आणि प्रसिद्ध आहेत. पहिला ‘कॅल’ हा महिन्याचा वा वर्षाचा तक्ता छापतो आणि १९७१च्या पहिल्या युनिक्स नियमपुस्तिकेतही त्याची नोंद आहे. लिनक्सवर तो ‘युटिल-लिनक्स’ या संचातून मिळतो, तर बीएसडी कुळातील ‘एनकॅल’ वार डावीकडे उभे आणि आठवडे आडवे मांडतो, म्हणजे भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेसारखीच मांडणी करतो. दुसरा ‘कॅलेंडर’ हा १९७९च्या सातव्या आवृत्तीत आलेला प्रोग्राम साध्या मजकुराच्या फायलीतून आजच्या आणि उद्याच्या नोंदी शोधून दाखवतो. पहिल्या प्रोग्राममध्ये गणित आणि मांडणी यांचे काम अधिक, तर दुसऱ्यात फाइल वाचणे, तारखेचे स्वरूप ओळखणे आणि सणांच्या याद्या सांभाळणे यांचे काम अधिक असते. आपला कल ओळखून आपण यांपैकी एक निवडावा. सी भाषेत अजून हात बसलेला नसेल, तर सणांच्या यादीतील चुकीची तारीख दुरुस्त करणे हेही पूर्ण प्रतिष्ठेचे योगदान आहे.

परवाना आधी वाचावा

भारताच्या कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्राम ‘साहित्यकृती’ या व्याख्येत येतो. त्यामुळे कोड इंटरनेटवर खुला दिसतो म्हणून तो बदलून वाटण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. तो अधिकार परवाना देतो, म्हणजे कोडसोबत असलेला मालकाचा लेखी अनुमतीपत्राचा मजकूर देतो. व्यवहारात पुढील प्रकार समोर येतात.

- बीएसडी किंवा एमआयटी परवाना : बदल करून बंद स्वरूपातही वाटता येते, मात्र मूळ लेखकांची नावे आणि परवान्याचा मजकूर काढता येत नाही. फाइलची पुनर्रचना करताना वरचा परवान्याचा भाग नव्या फायलीत न नेणे ही चूक वारंवार घडते.
- जीपीएल : बदललेला प्रोग्राम इतरांना दिला, तर त्याचा स्रोतही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. केवळ स्वतःच्या संगणकावर वापरण्यासाठी केलेला बदल प्रकाशित करण्याची सक्ती नसते.
- एजीपीएल : नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही स्रोत मिळण्याचा हक्क देणारा परवाना. ग्रहगणितासाठी वापरली जाणारी ‘स्विस एफेमेरिस’ ही सी भाषेतील लायब्ररी एजीपीएल किंवा सशुल्क व्यावसायिक परवाना अशा दोन पर्यायांत मिळते. ती बीएसडी परवान्याच्या दिनदर्शिकेत जोडण्यापूर्वी प्रकल्पाच्या व्यवस्थापकांची, म्हणजे मेन्टेनरांची, संमती घेणे आवश्यक आहे.

छापील पंचांग किंवा दिनदर्शिका समोर ठेवून वर्षाची संपूर्ण यादी जशीच्या तशी उतरवणे टाळावे. एखादा सण अमुक तारखेला आला ही वस्तुस्थिती कोणाच्या मालकीची नसते, परंतु निवड आणि मांडणी करून रचलेल्या संकलनाला संरक्षण असू शकते.

वर्तन नोंदवून मगच रचना बदलावी

रिफॅक्टरिंग म्हणजे प्रोग्रामचे बाहेरून दिसणारे वर्तन जराही न बदलता त्याची आतील रचना सुधारणे, आणि बग-दुरुस्ती म्हणजे वर्तनच जाणीवपूर्वक बदलणे. ही दोन कामे एकाच पॅचमध्ये, म्हणजे बदलांच्या एकाच गठ्ठ्यात, मिसळली की तपासणाऱ्याला कोणता फरक अपेक्षित आणि कोणता अपघाती हे ओळखता येत नाही, आणि चांगला पॅचही परत येतो. म्हणून पुढील क्रम पाळावा.

1. मूळ प्रोग्राम काहीही न बदलता कंपाइल करावा, कंपायलरचे सर्व इशारे चालू ठेवावेत आणि ते इशारे जतन करावेत.
2. १ जानेवारी १९०१ ते ३१ डिसेंबर २१०० या काळातील प्रत्येक दिवसासाठी जुन्या प्रोग्रामचे उत्तर एका फायलीत साठवावे. हे ७३,०४९ दिवस होतात आणि साध्या संगणकालाही त्यासाठी फार वेळ लागत नाही. उत्तर चूक असले तरी ते जसेच्या तसे साठवावे, कारण येथे बरोबर काय आहे यापेक्षा सध्या काय आहे हे नोंदवायचे असते.
3. एका वेळी एकच लहान बदल करावा (मोठे फंक्शन फोडणे, जागतिक चल काढून तो पॅरामीटर म्हणून देणे, महिन्यांचे आकडे एका सारणीत आणणे) आणि प्रत्येक बदलानंतर नवी फाइल जुनीशी ताडून पाहावी. एका अक्षराचाही फरक पडता कामा नये.
4. रचना सुधारून झाल्यावरच दोषाकडे वळावे. प्रथम तो दोष दाखवणारी, म्हणजे सध्या नापास होणारी चाचणी लिहावी आणि मग दुरुस्ती करावी.

संपूर्ण फाइलमधील रिकाम्या जागा आणि कंस आपल्या आवडीप्रमाणे बदलण्याचा मोह टाळावा. त्यामुळे प्रत्येक ओळ ‘बदललेली’ दिसते आणि ती ओळ मुळात कोणी व का लिहिली याचा गिटमधील माग पुसट होतो.

एखादे वर्तन विचित्र दिसले म्हणून ते चुकीचे ठरत नाही. ‘कॅलेंडर’ हा प्रोग्राम शुक्रवारी चालवला असता ‘उद्या’ या सदरात सोमवारपर्यंतच्या नोंदी दाखवतो. नवख्या वाचकाला हा दोष वाटतो, परंतु शनिवार-रविवार कार्यालय बंद असते या गृहीतावर तो नियम मुद्दाम ठेवलेला आहे आणि प्रोग्रामच्या नियमपुस्तिकेत त्याची नोंद आहे. तसेच ‘कॅल’ला सप्टेंबर १७५२ विचारल्यास २ तारखेनंतर एकदम १४ तारीख येते, कारण ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी त्या महिन्यात ज्युलियन पद्धत सोडून ग्रेगोरियन पद्धत स्वीकारली. पोर्तुगालने हा बदल ऑक्टोबर १५८२ मध्येच केला होता. त्यामुळे मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली त्या घटनेची पोर्तुगीज कागदांतील तारीख आणि मुंबईच्या इंग्रजी कागदांतील तारीख यांत ११ दिवसांचे अंतर पडते, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. युटिल-लिनक्सच्या ‘कॅल’मध्ये हा बदल कोणता धरायचा हे सांगण्याची सोय आहे. इतिहासाच्या अभ्यासकांसाठी काम करणाऱ्यांनी ती वापरावी, कोडमधील १७५२ पुसू नये.

दोष कोठे दडतात

सी भाषेतील दिनदर्शिकांत पुढील जागा प्रथम तपासाव्यात.

- ऋण संख्येची बाकी : सी भाषेत उणे १ला ७ने भागल्यास बाकी ६ येत नाही, उणे १ येते. वार काढणाऱ्या सूत्रात एखादी जुनी तारीख आली की हा आकडा वारांच्या सारणीचा निर्देशांक बनतो आणि प्रोग्राम सारणीबाहेरची स्मृती वाचतो. बाकीत ७ मिळवून पुन्हा ७ची बाकी घेणे हा साधा उपाय आहे.
- ८६,४०० सेकंदांचा दिवस : ‘उद्या’ काढण्यासाठी इतके सेकंद मिळवणारा कोड नागपुरात वर्षानुवर्षे बरोबर चालतो, कारण भारतात घड्याळे मागेपुढे होत नाहीत. तोच कोड न्यू जर्सी किंवा लंडनमधील मराठी कुटुंबाच्या संगणकावर वर्षातून दोन दिवस फसतो, कारण तेथे एक दिवस २३ तासांचा आणि एक २५ तासांचा असतो. तारखेच्या घटकात १ मिळवून ‘एमकेटाइम’ फंक्शनकडून ती सारखी करून घ्यावी, आणि उन्हाळी वेळेच्या घटकात उणे १ ठेवावा, म्हणजे निर्णय प्रणाली घेते. भारतातही सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात घड्याळे एक तास पुढे होती, ही गोष्ट त्या काळातील जन्मवेळेवर काम करणाऱ्या प्रोग्रामने विसरू नये.
- ‘लोकलटाइम’ची सामाईक जागा : हे फंक्शन आपले उत्तर एकाच स्थिर जागेत ठेवते. दुसऱ्यांदा बोलावले की पहिल्या उत्तरावर नवे उत्तर लिहिले जाते. दोन तारखांची तुलना नेहमी ‘समान’ येत असेल, तर येथे पाहावे.
- २०३८ : काळ ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात मोजणाऱ्या प्रणालीत १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनंतर आकडा उलटतो. वेळेचा प्रकार साध्या ‘इंट’मध्ये साठवणाऱ्या ओळी शोधून काढाव्यात, कारण ६४ बिटांच्या यंत्रावरही अशी एक ओळ पुरेशी ठरते.

मराठी वापरकर्त्याला सर्वाधिक खटकणारा दोष मात्र गणिताचा नसून अक्षरांचा असतो. इंग्रजी महिन्याचे पहिले तीन वर्ण छापण्यासाठी लिहिलेला कोड प्रत्यक्षात तीन बाइट छापतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइटांचा असल्यामुळे ‘जानेवारी’चे केवळ ‘ज’ आणि ‘फेब्रुवारी’चे केवळ ‘फ’ उरते. ‘जून’ आणि ‘जुलै’ यांचेही ‘ज’च उरत असल्याने तीन महिने एकसारखे दिसतात, आणि मर्यादा चार बाइटांची असेल तर अर्धवट तुटलेल्या घटकाच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते. स्तंभांची रुंदीही याच कारणाने बिघडते. ‘बुध’ या शब्दात नऊ बाइट आणि तीन घटक आहेत, परंतु उकार स्वतंत्र जागा घेत नसल्याने पडद्यावर तो दोनच स्तंभ व्यापतो. ‘मंगळ’मध्ये बारा बाइट, चार घटक आणि तीन स्तंभ होतात. बाइट मोजून जागा सोडणारा कोड या दोन वारांखालचे आकडे वेगवेगळे सरकवतो. यावर उपाय असा की मजकूर प्रथम विस्तृत वर्णांत रूपांतरित करावा, रुंदी ‘डब्ल्यूसीविड्थ’ या फंक्शनला विचारावी, आणि संक्षेप स्वतः कापून न काढता प्रणालीच्या मराठी लोकेलमधून घ्यावेत.

शके, तिथी आणि नागपूरचा सूर्योदय

मराठी वाचकांचा गोंधळ येथे सर्वाधिक होतो, आणि तो स्वाभाविक आहे, कारण ‘शके’ या एकाच नावाखाली दोन पद्धती चालतात. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. ती सौर आहे आणि तिचा नियम कोडमध्ये सहज बसतो. वर्ष २२ मार्चला सुरू होते आणि शकवर्षात ७८ मिळवून येणारे इसवी वर्ष लीप असल्यास २१ मार्चला. चैत्र ३० दिवसांचा, लीप वर्षी ३१ दिवसांचा, वैशाख ते भाद्रपद प्रत्येकी ३१ आणि आश्विन ते फाल्गुन प्रत्येकी ३० दिवसांचे. चाचणीसाठी दोन जोड्या पुरतात. २१ मार्च २०२३ म्हणजे ३० फाल्गुन १९४४, परंतु २१ मार्च २०२४ म्हणजे १ चैत्र १९४६. जानेवारी ते मार्च या काळात चालू शकवर्ष आधीच्या इसवी वर्षात सुरू झालेले असते, हे विसरणारा किंवा वर्षारंभ नेहमी २२ मार्चलाच धरणारा कोड या जोड्यांवर पकडला जातो.

घरोघरी वापरली जाणारी शालिवाहन शकाची पद्धत मात्र चांद्रसौर आहे आणि तिचे वर्ष गुढीपाडव्याला बदलते. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला होता, त्यामुळे २१ मार्च ते ८ एप्रिल या काळात एका पद्धतीने शके १९४६ आणि दुसऱ्या पद्धतीने १९४५ होते. अशा फरकाची ‘बग’ म्हणून तक्रार करण्यापूर्वी प्रोग्राम कोणती पद्धत सांगतो हे पाहावे, आणि तो ते सांगत नसेल तर तसे सांगणारी ओळ त्यात घालणे हीच दुरुस्ती समजावी.

तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातील १२ अंशांचे अंतर. चंद्राच्या रेखांशातून सूर्याचा वजा करून, बेरीज-वजाबाकीने ० ते ३६० मध्ये आणून, १२ने भागून येणाऱ्या पूर्णांकात १ मिळवला की तिथीचा क्रमांक मिळतो. येथेही ऋण बाकीचा वर सांगितलेला दोष लपलेला असतो. एका तिथीचा काळ सुमारे २० ते २७ तास असतो, म्हणून दिवसाला कोणती तिथी द्यायची यासाठी सामान्यतः सूर्योदयाची वेळ घेतात. नागपूर सुमारे ७९.१ आणि मुंबई सुमारे ७२.९ पूर्व रेखांशावर असल्याने नागपुरात सूर्य रेखांशामुळेच सुमारे २५ मिनिटे आधी उगवतो, आणि ऋतूनुसार त्यात थोडा फरक पडतो. त्या २५ मिनिटांत तिथी बदलली, तर दोन शहरांची उत्तरे निराळी येतात आणि दोन्ही खरी असतात. कोडमध्ये मुंबई, उज्जैन किंवा ८२.५ रेखांशाचे केंद्रस्थान आकड्यात पक्के लिहिलेले आढळले, तर ते पॅरामीटर करणे हे विदर्भातील वापरकर्त्यासाठी सर्वांत उपयुक्त रिफॅक्टरिंग ठरेल.

सणांचे नियम याहून सूक्ष्म असतात. नागपूरकरांच्या जिव्हाळ्याचा पोळा श्रावण अमावास्येला आणि तान्हा पोळा व मारबतीची मिरवणूक दुसऱ्या दिवशी, इतके वाक्य कोडमध्ये उतरवून काम भागत नाही. २०२३ मध्ये १८ जुलै ते १६ ऑगस्ट हा अधिक श्रावण होता. अधिकमास न ओळखणारा प्रोग्राम त्या वर्षी १६ ऑगस्टलाच पोळा दाखवतो, प्रत्यक्षात तो १४ सप्टेंबरला झाला. शिवाय १४ आणि १५ सप्टेंबर या दोन्ही दिवशी सूर्योदयाला अमावास्याच होती, त्यामुळे दोन दिवसांपैकी शेवटचा निवडणारा कोड एक दिवस चुकतो. २०२५ मध्ये उलट घडले. अमावास्या २२ ऑगस्टच्या दुपारच्या सुमारास सुरू होऊन २३ला दुपारपूर्वी संपली. सूर्योदयाची तिथी पाहणारा प्रोग्राम २३ ऑगस्ट सांगतो, पण पोळा २२ला आणि मारबत २३ला झाली. २०२४ची २ सप्टेंबर ही तारीख धरून तिन्ही वर्षांची उत्तरे सायंकाळच्या तिथीशी जुळतात. म्हणून सणांच्या सारणीत ‘महिना आणि तिथी’ यांच्या जोडीला ‘तिथी कोणत्या वेळी पाहायची’ हा तिसरा रकाना असावा.

नागपूरसारख्या शहरात आणखी एक काळजी घ्यावी लागते. येथे मराठी कुटुंबांबरोबर हिंदी भाषक कुटुंबेही मोठ्या संख्येने राहतात. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, तर उत्तरेकडील पद्धतीत पौर्णिमेला संपतो, त्यामुळे लक्ष्मीपूजनाची अमावास्या एका घरी आश्विनातील आणि शेजारच्या घरी कार्तिकातील असते. दिवस एकच असतो, फक्त कृष्णपक्षातील महिन्याचे नाव बदलते. हा पर्याय छपाईच्या फंक्शनमध्ये ठेवावा, गणितात मिसळू नये.

निरयन गणनेसाठी अयनांश, म्हणजे वसंतसंपात आणि राशिचक्राचा आरंभ यांतील कोन, हा आकडा लागतो. शासकीय पंचांग चित्रा पक्षाचा, २१ मार्च १९५६ रोजी २३ अंश १५ कला धरलेला अयनांश वापरते. टिळक पंचांग रेवती तारा धरते आणि त्याचा अयनांश जवळपास चार अंशांनी वेगळा येतो. तिथी ही वजाबाकी असल्यामुळे अयनांश चुकला तरी तिथी बरोबरच येते. चुकतो तो क्वचित एखादा अधिकमास. म्हणूनच हा दोष नेहमीच्या चाचण्यांतून निसटतो, आणि त्यासाठी अधिकमासाच्या वर्षांची स्वतंत्र चाचणी ठेवावी लागते.

ठरावीक तारीख आणि तिथी यांची सरमिसळही टाळावी. दीक्षाभूमीवरील धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीला झाली. त्यामुळे धम्मचक्र प्रवर्तन दिन अशोक विजयादशमीला आणि १४ ऑक्टोबरलाही पाळला जातो. यादीत या दोन स्वतंत्र नोंदी हव्यात. तीच तारीख चाचणी म्हणूनही उत्तम आहे : रविवार, आश्विन शुद्ध दशमी, शालिवाहन शके १८७८. राष्ट्रीय दिनदर्शिकेचे सूत्र त्या दिवसासाठी २२ आश्विन १८७८ देते, परंतु ती दिनदर्शिका तेव्हा अस्तित्वात आलेली नव्हती. १९५७ पूर्वीच्या तारखांना हे उत्तर द्यावे की नाही, याचा निर्णय मेन्टेनरांना विचारून लिखित स्वरूपात करून घ्यावा.

पॅच पाठवताना आणि पाठवल्यावर

पॅचच्या वर्णनात प्रोग्रामची आवृत्ती, चालवलेली आज्ञा, आलेले उत्तर, अपेक्षित उत्तर आणि त्या अपेक्षेचा आधार या पाच गोष्टी असाव्यात. तिथीच्या बाबतीत ‘आमच्याकडे असे मानतात’ एवढा आधार पुरत नाही. कोलकात्याच्या पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटरचे राष्ट्रीय पंचांग मराठीतही निघते, त्याचे वर्ष आणि नोंद द्यावी. युटिल-लिनक्ससह अनेक प्रकल्प प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ मागतात. तिचा अर्थ असा की हा कोड देण्याचा अधिकार आपल्याला आहे अशी हमी आपण देत आहात.

ही हमी देण्यापूर्वी नोकरदारांनी आपला करार वाचावा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसल्यास, नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक नियोक्ता ठरतो. नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रातील कंपनीत काम करणाऱ्याने घरी, स्वतःच्या संगणकावर केलेले कामही करारातील व्यापक शब्दांमुळे वादात सापडू शकते, म्हणून लेखी परवानगी घेणे हिताचे आहे. कलम ५७ मात्र लेखकाला कृतीचा कर्ता म्हणवून घेण्याचा हक्क मालकी दुसऱ्याकडे गेल्यावरही देते. विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाचे नियम पाहावेत, आणि १८ वर्षांखालील योगदानकर्त्याकडे एखाद्या प्रकल्पाने करारपत्र मागितल्यास पालकांमार्फत पुढे जावे, कारण अज्ञान व्यक्तीने केलेला करार भारतात बंधनकारक नसतो.

पॅचला उत्तर आले नाही, तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा नम्रपणे स्मरण द्यावे. नाकारला गेला, तर कारण नियमाविषयी आहे की रचनेविषयी हे विचारून घ्यावे, आणि रचनेचा व दुरुस्तीचा पॅच आधीच वेगळे केलेले असतील तर त्यांपैकी मान्य होणारा पुढे न्यावा. मेन्टेनरांना पंचांगाचे नियम मूळ प्रोग्राममध्ये नकोच असतील, तर परवाना आपल्याला फोर्क करण्याचा, म्हणजे तोच कोड घेऊन स्वतंत्र शाखा चालवण्याचा, पूर्ण हक्क देतो. मात्र अशा शाखेचे नाव वेगळे ठेवावे, मूळ लेखकांची नावे कायम ठेवावीत, आणि अधिकमासाची, उदाहरणार्थ १७ मे ते १५ जून २०२६ या अधिक ज्येष्ठाची, चाचणी पहिल्याच आवृत्तीत असावी.